कॅमेरा धक्क्यावर की बोटीवर? देश सोडू पाहणारी कुटुंबं आणि टीव्ही

आजचा विषय काहींना हलका वाटेल. दुपारच्या टीव्हीचा कसला आलाय इतिहास, असंही कुणी म्हणेल. पण माणसं देश सोडायचा विचार करतात तेव्हा घरात नेमकं काय बोलणं होतं, याची नोंद इतिहासाच्या साधनांत फार थोडी सापडते. बोटींवरच्या प्रवाशांच्या याद्या मिळतात, सरकारी आकडे मिळतात, पोहोचल्यावर लिहिलेली पत्रं मिळतात. ‘जायचं की नाही’ हा प्रश्न अजून लोंबकळत असताना जेवणाच्या टेबलाशी जे बोलणं होतं, ते कोण कशाला लिहून ठेवतो? टीव्हीनं ते बोलणं दाखवायला घेतलं. कसं दाखवलं आणि काय गाळलं, ते आज पाहायचं आहे.

उदाहरणासाठी आम्ही ब्रिटन ते ऑस्ट्रेलिया ही एकच वाट धरतो. कारण या वाटेवर आधी सरकारची योजना आली, मग मालिका आल्या, आणि मग थेट ‘विचार करणाऱ्या कुटुंबांचे’ कार्यक्रम आले. तिन्ही गोष्टी एकापुढे एक मांडून पाहता येतात.

बीबीसी वनवर २००७ साली ‘वाँटेड डाउन अंडर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. वेळ दिवसाची, म्हणजे घरी असणाऱ्यांची. सूत्रसंचालन आधी नादिया सवाल्हा करत, नंतर बरीच वर्षं निकी चॅपमन यांनी केलं. साचा ठरलेला. एक ब्रिटिश कुटुंब आठवडाभर ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये नेऊन ठेवायचं. त्यांना तिथली घरं दाखवायची, आईवडिलांच्या धंद्यातल्या कुणाशी गाठ घालून पगाराचा अंदाज द्यायचा, बाजारहाटाची तुलना करायची, एक दिवस समुद्रावर घालवायचा. मग एका संध्याकाळी मागे राहिलेल्या आई-वडिलांचे, भावंडांचे, मित्रांचे निरोप पडद्यावर दाखवायचे. इथं सगळे रडतात. आणि शेवटी मतदान. प्रत्येकानं हातातली पाटी उंचवायची, ब्रिटनची किंवा ऑस्ट्रेलियाची. मुलांनासुद्धा पाटी मिळते.

या कार्यक्रमाच्या नावाकडे जरा पाहा. ‘वाँटेड’. हवे आहेत. कुणाला हवे आहेत? पूर्ण भागात याचं उत्तर जवळजवळ मिळत नाही. ते उत्तर पाहिजे तर साठ वर्षं मागं जावं लागतं.

१९४२ च्या फेब्रुवारीत जपानी विमानांनी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरावर बाँब टाकले. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा पाऊण कोटीच्या आत, आणि जमीन मात्र आपल्या देशाच्या दुपटीहून जास्त. एवढी रिकामी जमीन आपण राखणार कशी, ही धास्ती तिथल्या राज्यकर्त्यांच्या मनात बसली. माणसं वाढवा नाहीतर नष्ट व्हा, अशा अर्थाची घोषणाच तिथं चालत होती. १९४५ साली ऑस्ट्रेलियानं इतिहासातलं पहिलं परदेशागमन खातं काढलं आणि आर्थर कॉलवेल त्याचे मंत्री झाले. माणसं कुठून आणायची? तर आधी ब्रिटनमधून. मोठ्या माणसाला तिकीट फक्त १० पौंड, मुलं फुकट, उरलेलं भाडं सरकारं भरणार. अट एकच: किमान दोन वर्षं राहायचं. त्याआधी परतायचं म्हटलं तर येण्याचं खरं भाडं फेडा आणि जाण्याचं स्वतःच्या खिशातून काढा. साध्या कामगाराला ते झेपणारं नव्हतं.

ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग होतं, ते पुरतं उठायला १९५४ चा जुलै उजाडला. बाँबहल्ल्यांत घरं गेलेली, त्यामुळे नवी जोडपी सासरच्या एका खोलीत. अशा घरात रंगीत माहितीपत्रक येतं, त्यावर ऊन, समुद्र, स्वतंत्र घर. दहा लाखांहून जास्त ब्रिटिश माणसं या योजनेतून गेली. एकट्या १९६९ साली ८० हजारांच्या वर. ऑस्ट्रेलियन लोक इंग्रजाला चिडवून ‘पॉम’ म्हणतात, म्हणून यांना नाव पडलं ‘टेन पाउंड पॉम’. आपण दहा पौंडांवाले म्हणू.

आता यात एक गोष्ट मोठ्यानं सांगायला हवी, कारण टीव्हीवर ती फार उशिरा आली. हे ‘हवे आहेत’ सगळ्यांसाठी नव्हतं. ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरण १९०१ पासून चालू होतं आणि १९७३ साली व्हिटलम सरकारनं त्याचा शेवटचा दोरा कापला. दहा पौंडांवाल्यांना नेणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या काही बोटी सुवेझ, एडनवरून आपल्या मुंबईला लागत आणि मग कोलंबोमार्गे फ्रीमँटलला जात. म्हणजे बॅलार्ड पिअरच्या मजुरानं ती बोट पाहिली, तिला माल चढवला, पण तिकीट त्याच्यासाठी नव्हतं. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ‘मनूरा’ नावाचं जहाज भारतातून शेकडो अँग्लो-इंडियन प्रवासी घेऊन फ्रीमँटलला गेलं. त्यांच्यातल्या गोऱ्या-सावळ्या चेहऱ्यांवरून तिकडे प्रश्न निघाले आणि पुढं त्यांच्यासाठी दार जास्तच आवळलं गेलं. एवढा आपला त्या इतिहासाशी थेट संबंध.

आणि गेलेल्यांचं काय? पुष्कळांना आधी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांच्या वसाहतीत राहावं लागलं. सामायिक भोजनघर, सामायिक न्हाणीघर, त्यावर ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा. साधारण पाव हिस्सा लोक परत आले. त्यातले कितीतरी जण ब्रिटनमध्ये पुन्हा करमेना म्हणून दुसऱ्यांदा ऑस्ट्रेलियाला गेले! त्यांना ‘बूमरँग पॉम’ म्हणत. ज्याला आपण ‘निर्णय’ म्हणतो तो या लोकांनी दोनदा, तीनदा घेतला.

त्या काळातला टीव्ही हे सगळं कसं दाखवत होता? ग्रॅनाडा कंपनीची ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका १९६० च्या डिसेंबरात सुरू झाली आणि अजून चालू आहे. उत्तर इंग्लंडातल्या एका कामगार गल्लीची गोष्ट. पहिल्याच वर्षांत एल्सी टॅनर या पात्राची मुलगी लिंडा आणि तिचा नवरा इव्हान कॅनडाला निघून जातात. इथं मालिकेचा एक व्यवहार लक्षात घ्या. नटाला मालिकेतून काढायचं तर पात्राला मारावं लागतं किंवा परदेशी धाडावं लागतं. परदेश म्हणजे पडद्याबाहेरचा विंग. जो गेला तो दिसत नाही. कॅमेरा गल्लीतच राहतो, एल्सीच्या घरात. पत्र आलं की कुणीतरी वाचून दाखवतं. आम्ही याला धक्क्यावरचा कॅमेरा म्हणतो. भाऊच्या धक्क्यावर उभं राहून लाँच दूर जाताना पाहावी, तसा.

जर्मन टीव्हीनं १९८४ साली हेच फार उंचीवर नेलं. एडगर राइट्झ यांची ‘हाइमाट’ ही मालिका. शाबाख नावाच्या काल्पनिक खेड्यातला पाउल सायमन १९२८ साली बायकोला, मुलांना काही न सांगता चालता होतो आणि अमेरिकेत पोहोचतो. तो कसा गेला, बोटीवर त्याला काय वाटलं, कशाचाही पत्ता मालिका लागू देत नाही. ती मारियाजवळ थांबते, वर्षानुवर्षं. तो युद्धानंतर अमेरिकन मोटारीतून गावात येतो तेव्हा प्रेक्षकालाही तो परका वाटतो. आमच्या मते देशांतरावर टीव्हीनं केलेलं हे सर्वांत प्रामाणिक काम आहे. जाणाऱ्यानं घरात विचारविनिमय केलाच नाही, म्हणून मालिका तो दाखवत नाही.

मग कॅमेरा धक्क्यावरून बोटीवर कधी चढला? ब्रिटनपुरतं बोलायचं तर यात एका साध्यासुध्या ऑस्ट्रेलियन मालिकेचा वाटा आहे. ‘नेबर्स’. मेलबर्नच्या उपनगरातली एक गल्ली. १९८६ च्या ऑक्टोबरपासून बीबीसी वन ती दाखवू लागलं, आणि १९८८ साली स्कॉट आणि शार्लीन यांचं लग्न ब्रिटनमध्ये जवळजवळ दोन कोटी लोकांनी पाहिलं. तिच्यात देशांतराविषयी भाषण नाही. पण इंग्लंडातल्या नोव्हेंबरच्या अंधाऱ्या संध्याकाळी पोरं शाळेतून येऊन बसत आणि पडद्यावर ऊन, पोहण्याचा तलाव, दार उघडंच असलेली घरं. सरकारी माहितीपत्रकाला जे जमलं नसेल ते या मालिकेनं केलं: ऑस्ट्रेलिया हा पलीकडच्या गल्लीइतका ओळखीचा करून टाकला. २००७ च्या कार्यक्रमात विचार करणारे आईवडील वयाच्या हिशेबानं हेच प्रेक्षक होते, हे विसरू नका.

तर आता ‘वाँटेड डाउन अंडर’कडे परत येऊ. इथं कॅमेरा जाणाऱ्यांबरोबर विमानात बसला आहे. मागे राहिलेले लोक पडद्याच्या आतल्या पडद्यावर, दोन-तीन मिनिटांपुरते. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ची बरोबर उलट बाजू. आणि कुटुंब काय करतं? मोजतं. आपलं घर विकून इथं किती खोल्या येतील, सुताराला तासाला किती मिळतात, दूध-पाव महाग की स्वस्त.

ॲरिस्टॉटलनं निकोमाखियन नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात एक मुद्दा मांडला आहे. विचारविनिमय साधनांविषयी होतो, साध्याविषयी नाही. रोग्याला बरं करावं की नाही यावर वैद्य विचार करत बसत नाही. कसं बरं करावं यावर करतो. आम्ही वर्गात हा मुद्दा शिकवायचो तेव्हा विद्यार्थ्यांना तो पटायचा नाही, आणि खरं सांगायचं तर त्यावर आक्षेप घ्यायला जागा आहेच. पण हा कार्यक्रम म्हणजे त्या परिच्छेदाचं प्रात्यक्षिक आहे. ‘चांगलं आयुष्य’ म्हणजे मोठं अंगण, जास्त ऊन, मुलांबरोबर जास्त वेळ, हे पहिल्या मिनिटाला गृहीत धरलेलं असतं. चर्चा चालते ती तिथवर पोहोचायच्या खर्चाची. साध्याचा प्रश्न अख्ख्या भागात एकदाच वर येतो, जेव्हा पडद्यावरची आजी म्हणजे त्यांची ‘नॅन’, हसायचा प्रयत्न करत, तुम्ही जा, माझी काळजी करू नका, अशा अर्थाचं काही बोलते. तेव्हा सुतारकामाचा दर कुणाच्या लक्षात राहत नाही. आपण कुणाची माणसं आहोत, कुणाच्या म्हातारपणी जवळ असायचं आपण पत्करलं होतं, हा प्रश्न समोर येऊन बसतो. निर्माते तो प्रसंग रडवण्यासाठी ठेवतात हे उघड आहे. पण त्या एकाच प्रसंगात कुटुंब खरोखर विचार करताना दिसतं, असं आमचं मत आहे.

दुसरी अडचण त्या आठवड्याची. अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांचं २०१४ चं ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स’ हे पुस्तक तुमच्यापैकी काहींनी चाळलं असेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही अनुभव माणसालाच बदलून टाकतात. मूल होणं हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. अशा वेळी आधीच्या आवडीनिवडींवरून नंतरच्या आयुष्याचं मोजमाप करता येत नाही, कारण नंतर जगणारा माणूस वेगळ्या आवडीनिवडींचा असतो. देश सोडणं या जातीचंच आहे. आठवडाभर समुद्रावर राहिलेला माणूस पर्यटक असतो. तिसऱ्या वर्षी, नाताळच्या दिवशी चाळीस अंश उन्हात फोन लावून आईशी बोलणारा माणूस त्याला अजून भेटलेला नाही. जुन्या सरकारी योजनेनं, स्वतःच्या स्वार्थासाठी का होईना, दोन वर्षांची मुदत घातली होती. टीव्हीनं ती सात दिवसांवर आणली.

मुलांच्या पाटीबद्दलही बोलायला हवं. १९६६ साली वेल्समधल्या बॅरी गावातून गिलार्ड नावाचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. धाकट्या मुलीची छाती कमजोर, उबदार हवेत न्या असा सल्ला मिळालेला. मुलगी चार वर्षांची. तिला कुणी विचारलं नाही, विचारण्यात अर्थही नव्हता. ती जूलिया गिलार्ड २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाची पंतप्रधान झाली. आता कार्यक्रमात सात-आठ वर्षांचं पोर पाटी उंचावतं तेव्हा आपल्याला लोकशाही दिसल्याचा आनंद होतो. पण त्या मताचं पुढं होतं काय? आईवडिलांची मतं एक झाली तर मुलाचं मत हे केवळ चटका लावणारं दृश्य उरतं. आणि मुलाच्या मतावर खरोखर निर्णय सोडला, तर उद्या आजीच्या आजारपणात ‘तूच म्हणाला होतास’ हे ओझं त्याच्या पाठीवर. जुन्या पद्धतीत मुलाला विचारत नसत, हे काही कौतुकाचं नाही. पण तिथं जबाबदारी मोठ्यांकडे स्पष्ट होती.

आणि सरकार? ते कुठं गेलं? व्हाइट ऑस्ट्रेलिया संपलं, भाड्याचं अनुदानही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संपलं. त्यानंतर वय, इंग्रजी, शिक्षण, हवा असलेला धंदा, यांना गुण देऊन माणसं निवडायची पद्धत पक्की झाली. म्हणजे कुटुंबानं मत द्यायच्या आधीच एक मत पडलेलं असतं. नर्स, सुतार, वीजतंत्री चालतील; पंचेचाळिशी ओलांडलेला कारकून चालणार नाही. कार्यक्रमात येणारी कुटुंबं या चाळणीतून जाण्याजोगी असतात, म्हणून चाळणी आपल्याला दिसत नाही. मग निर्णय कसा वाटतो? चौघांनी सोफ्यावर बसून घेतलेला.

सरकार टीव्हीवर परत आलं ते नाटकातून. २०२३ साली बीबीसीनं ‘टेन पाउंड पॉम्स’ ही मालिका आणली, लेखक डॅनी ब्रॉकलहर्स्ट. काळ १९५६. स्टॉकपोर्टची ॲनी रॉबर्ट्स, दारूत बुडत चाललेला नवरा टेरी, दोन मुलं. ॲनीच पुढाकार घेते. पोहोचल्यावर झोपड्यांची वसाहत, स्थानिक लोकांची हेटाळणी. केट नावाची नर्स ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेलेल्या आपल्या मुलाच्या शोधात आलेली आहे. ब्रिटनमधून हजारो मुलं आईबापांविना अशी पाठवली गेली, हे खरंच घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये आणि ब्रिटनच्या २०१० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मालिकेत मूलनिवासी पात्रही आहे, देशासाठी युद्धात लढलेलं आणि घरात मात्र बाहेरचं ठरलेलं. माहितीपत्रकातली ‘रिकामी’ जमीन कुणाची होती, हा प्रश्न त्यामुळे निदान उभा तरी राहतो. आमची तक्रार एवढीच की या मालिकेला फसवणूक फार आवडते. पाव हिस्सा परतला हे खरं, पण पाऊण हिस्सा राहिला, आणि त्यातले बहुतेक वाईट नाही, चांगलं नाही, असं एक साधं आयुष्य जगले. त्या आयुष्याची मालिका होत नाही.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं बाहेर आहेत. म्हणून आपल्याकडचं थोडं. मराठीत या विषयाचा कॅमेरा आधीपासून धक्क्यावरच आहे. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ आठवा: नाना-नानी, परदेशातला मुलगा, आणि रिकाम्या घरात कुणाची तरी वाट पाहणं. रंगभूमीनं जे ठरवलं तेच टीव्हीनं पुढं चालवलं. अमेरिकेतला मुलगा हा फोनवरचा आवाज. पण कुटुंब विचार करताना दाखवणारा ‘वाँटेड डाउन अंडर’सारखा कार्यक्रम आपल्याकडे रुजला नाही. कारण, आम्हांला वाटतं, आपल्याकडे तो निर्णय एका टेबलाशी होतच नाही. तो दहा वर्षं पसरलेला असतो. आठवीत लावलेला क्लास, इंजिनिअरिंगची शाखा, जीआरई, शिक्षणकर्ज, मग ‘दोनच वर्षं जातो’, मग एच-वन-बी, मग तिथं झालेलं मूल. यातला कुठला दिवस चित्रित करणार? कुठल्या दिवशी पाटी उंचवायची? आणि आईवडिलांनी काही विचारायचं म्हटलं तर क्लासची फी त्यांनीच भरलेली असते.

ब्रिटनच्या त्या कार्यक्रमाचं पुढं एक भावंडं निघालं, ‘वाँटेड डाउन अंडर रिव्हिजिटेड’. जुन्या कुटुंबांकडे काही काळानं परत जायचं आणि पुढं काय झालं ते विचारायचं. ऑस्ट्रेलियाची पाटी उंचावलेलं घर इंग्लंडातच सापडतं. कुणाचे कागद अडकलेले, कुणाच्या वडिलांचं दुखणं निघालेलं, कुणी गेलेलं आणि खरंच रमलेलं, कुणी जाऊन परत आलेलं. या भागांना मूळ भागांइतकी लकाकी नाही. मात्र तुम्हांला अभ्यास करायचा असेल तर दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहा, आणि पहिल्या भागात कोण कुठल्या क्षणी गप्प होतं तेवढं टिपून ठेवा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे.